वाचकांचे प्रश्न: इंटरव्ह्यूचं नाव काढलं की पोटात गोळा येतो

या वेळी इंटरव्ह्यूबद्दलची पत्रं इतकी आलीयेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवतेय आणि हा अख्खा कॉलम याच विषयाला देतेय. पत्रं थोडी छोटी केलीयेत, नावं कुणाचीच टाकलेली नाहीत. मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे, प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये बसलेय, त्यामुळे बरंचसं जे लिहितेय ते त्या बाजूने बघितलेलं आहे.

प्रश्न: ताई नमस्कार, माझं कॉमर्सचं ग्रॅज्युएशन झालंय आणि पुढच्या आठवड्यात अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी इंटरव्ह्यू आहे. आधी दोन ठिकाणी जाऊन आलो, दोन्हीकडे "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर डोकं एकदम ब्लँक झालं, हात थरथरायला लागले, तोंडाला कोरड पडली आणि आवाज असा कापत होता की मलाच लाज वाटली. तयारी करत नाही असं नाहीये, नेटवरचे सगळे प्रश्न आणि त्यांची उत्तरं वाचून झालीयेत, कंपनीची वेबसाइट पाठ आहे. ही भीती कायमची घालवायला काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी हे ऐक की भीती पूर्ण घालवायची हे टार्गेटच नको ठेवूस, कारण मग इंटरव्ह्यूच्या खोलीत तुझं अर्धं लक्ष प्रश्नाकडे आणि अर्धं "अजून का थरथरतंय" याच्याकडे राहतं. जे होतंय ते सगळं अॅड्रेनलिनचं काम आहे. शरीराला काहीतरी महत्त्वाचं समोर दिसलं की ते हृदयाची गती वाढवतं, तळहाताला घाम येतो, लाळ कमी होते म्हणून तोंड कोरडं पडतं. याच्यात तुझ्या हुशारीबद्दल किंवा लायकीबद्दल काहीही सिद्ध होत नाही, तुला ही नोकरी मनापासून हवीये एवढंच त्यातनं कळतं.

आता जी गोष्ट पलीकडच्या खुर्चीतून बघितल्याशिवाय पटत नाही ती सांगते. तुला आतून जेवढी धडधड जाणवते त्याच्या निम्मीसुद्धा समोरच्याला दिसत नाही. खरंच दिसत नाही. आपल्याला वाटतं आपला चेहरा म्हणजे काच आहे आणि आतलं सगळं बाहेर दिसतंय, आणि हा गैरसमज इतका कॉमन आहे की त्याच्यावर रीतसर संशोधन झालंय. केनेथ सॅव्हित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक प्रयोग छापला, त्यात विद्यार्थ्यांना कॅमेऱ्यासमोर छोटं भाषण करायचं होतं आणि काही जणांना आधीच सांगून ठेवलं होतं की बाबांनो तुमची घबराट तुम्हाला वाटते तेवढी बाहेर दिसत नसते. एवढं नुसतं सांगितल्यामुळे त्यांची भाषणं जास्त चांगली झाली, आणि असं ते स्वतःच म्हणाले असं नाही, बघणाऱ्यांनीही तसेच मार्क दिले. म्हणून तुलाही आधीच सांगून ठेवतेय. आणि समजा दिसलीच, तरी पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत मुलगा थोडा घाबरलाय हे बघून कुणी त्याला नापास करत नाही. आम्ही तर उलट पहिले दोन प्रश्न मुद्दाम सोपे ठेवायचो, माणूस जरा सावरावा म्हणून.

आता तयारीबद्दल, आणि तुझी खरी अडचण मला इथे दिसतेय. तू सगळं *वाचलंयस*. डोळ्यांनी वाचलेलं गाणं गळ्यातून तसंच येत नाही, तसं आहे हे. उत्तर वाचताना ते ओळखीचं वाटतं आणि आपल्याला वाटतं चला, येतंय, पण ते ओळखता येणं आणि समोर कोणी बघत असताना स्वतःच्या डोक्यातनं काढून बोलता येणं या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये हे दाखवलं होतं, एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. त्यामुळे आजपासून वाचन बंद, तोंड उघडून बोलायचं. फोनवर रेकॉर्ड कर, ऐक, नाही आवडलं तर परत बोल. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवणार नाही, सगळ्यांचंच होतं तसं, तिसऱ्या-चौथ्या वेळी सवय होते.

"स्वतःबद्दल सांगा" चं बघू. तू पत्रासोबत पाठवलेलं उत्तर असं होतं की माझं नाव अमुक, शाळा अमुक, घरी आईवडील आणि बहीण, मला वाचनाची आणि क्रिकेटची आवड, मी मेहनती आणि प्रामाणिक आहे. यातलं नाव आणि शिक्षण त्यांच्या हातातल्या कागदावर आहेच आणि मेहनती-प्रामाणिक तर दिवसभरात येणारे सगळेच म्हणतात. पण तू पत्रात खाली सहज लिहिलंयस की शेवटच्या वर्षी कॉलेजच्या कार्यक्रमाचा हिशोब तुझ्याकडे होता. अरे मग ते सांग ना! असं बोलून बघ: "मी यंदा कॉमर्स पूर्ण केलं. शेवटच्या वर्षी कॉलेजच्या कार्यक्रमाचा सगळा हिशोब माझ्याकडे होता, बिलं गोळा करायची, एक्सेलमध्ये भरायची, कोणाचे पैसे द्यायचे राहिलेत ते बघायचं. शेवटी एका बिलाचा आकडा जुळत नव्हता, तो मी सगळ्या पावत्या परत तपासून शोधून काढला. मला हे काम आवडतं हे तिथे कळलं, आणि तुमच्या जाहिरातीत बिलं तपासणं आणि ताळमेळ घालणं लिहिलंय म्हणून मी अर्ज केला." संपलं. मिनिटभरसुद्धा लागत नाही आणि समोरच्याला पुढचा प्रश्न आपोआप सुचतो, तो विचारणारच की कोणतं बिल होतं, कसं सापडलं, आणि मग तू तुझ्या माहितीतल्या जागेवर बोलतोयस.

याच पद्धतीने जाहिरातीची एकेक ओळ घे आणि तिच्यासमोर स्वतःचा एक खरा प्रसंग लिही. असे चार-पाच प्रसंग पुरतात, तेच वेगवेगळ्या प्रश्नांना लागू होतात, टीममध्ये भांडण झालं तेव्हा काय केलं, चूक झाली तेव्हा काय केलं, वेळ कमी होता तेव्हा काय केलं वगैरे. प्रत्येक प्रसंगात परिस्थिती काय होती, तुझ्याकडे काय काम होतं, तू काय केलंस आणि शेवटी काय झालं, एवढं आलं पाहिजे, यालाच स्टार मेथड म्हणतात. आणि एक, "आम्ही केलं, आम्ही ठरवलं" असं बोलू नकोस. नम्रपणा म्हणून आपण आम्ही-आम्ही करतो पण समोरच्याला त्यात तू कुठे आहेस तेच कळत नाही आणि मार्क द्यायचे असले तरी देता येत नाहीत.

ब्लँक होण्यावर उपाय म्हणजे फक्त पहिलं वाक्य पाठ कर. पूर्ण उत्तर पाठ केलंस तर एक शब्द सुटला की सगळंच कोसळतं. पहिलं वाक्य मात्र झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे, आणि ते नेहमीपेक्षा हळू बोल, कारण कापरा आवाज बहुतेक वेळा घाईमुळे आणि अर्धवट श्वासामुळे असतो. तरीही मधेच अडकलास तर "एक मिनिट, विचार करून सांगतो" म्हणायचं. हे चालतं. आम्हाला ते आवडायचं, कारण माणूस विचार करतोय हे दिसतं.

बाहेर बसून वाट बघताना श्वास चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर, असं काही मिनिटं कर. सोडायचा श्वास लांबला की हृदयाची गती हळूहळू खाली येते. पण हे आत्तापासून रोज करून ठेव, त्या दिवशी पहिल्यांदा करायला गेलास तर मोजण्याचंच टेन्शन येईल. आणि मनातल्या मनात "शांत हो, शांत हो" म्हणण्यापेक्षा "मी एक्साइटेड आहे" असं म्हणून बघ. ऐकायला विचित्र वाटतं, पण हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये हेच तपासलं, भाषणाच्या आधी ज्यांनी "मी एक्साइटेड आहे" म्हटलं त्यांची भाषणं "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. धडधड घाबरण्यात आणि एक्साइटमेंटमध्ये सारखीच असते ना, त्यामुळे शरीराला एकदम शांत करण्यापेक्षा त्या धडधडीला दुसरं नाव देणं सोपं जातं.

प्रश्न: उत्तर येतच नसेल तर काय करायचं? गप्प बसायचं की काहीतरी ठोकून द्यायचं?

उत्तर: ठोकायचं अजिबात नाही. विचारणारा त्याच विषयातला असतो, त्याला दुसऱ्या वाक्यात कळतं आणि मग तुम्ही आधी दिलेली खरी उत्तरंही त्याला संशयास्पद वाटायला लागतात. "हे मी अजून वापरलेलं नाही, पण याच्या जवळचं अमुक केलंय, आणि हे शिकायचं झालं तर मी इथून सुरुवात करेन" असं सरळ सांगा. प्रश्नच कळला नसेल तर परत विचारा, त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रश्न: ताई, मुलगी झाल्यावर मी नोकरी सोडली त्याला आता सात वर्षं झाली. मी कस्टमर सपोर्टमध्ये टीम लीड होते. आता परत अर्ज करतेय पण "एवढी वर्षं काय करत होतात" हा प्रश्न येणार या विचारानेच छातीत धडधडतं. मैत्रीण म्हणते फ्रीलान्स करत होते असं सांगून टाक. तसं सांगू का?

उत्तर: नका सांगू. खोटं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, कोणासाठी केलं, किती केलं, आणि मग पूर्ण वेळ तुम्ही ते खोटं सांभाळत बसता, आधीच टेन्शन असताना हे नवीन ओझं कशाला. आणि तुम्ही सात वर्षं एक माणूस वाढवलंय, त्यात लपवण्यासारखं काय आहे सांगा बरं मला.

मी बघितलंय की गॅपमुळे जेवढं नुकसान होत नाही तेवढं तिच्याबद्दल जास्त बोलल्यामुळे होतं. बाई सुरुवात करते, मग सासरची परिस्थिती, मग मुलाची तब्येत, मग "म्हणजे मला करायचं होतं पण", आणि बोलता बोलता आवाज खाली जातो, माफी मागितल्यासारखा. समोरच्याला खरं तर दोनच गोष्टी हव्या असतात, आता तुम्ही पूर्ण वेळ देऊ शकता का आणि मधल्या काळात काम जे बदललं ते तुम्हाला माहितीये का. मग तेवढंच द्या: "मुलगी लहान असताना मी सात वर्षं पूर्ण वेळ घरी होते. आता ती शाळेत छान रुळलीये, आणि गेले काही महिने मी हल्लीची सपोर्ट सॉफ्टवेअर आणि चॅट सिस्टिम शिकून घेतलीये, त्यामुळे आता मी कामाला तयार आहे." आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच अवघड जातं, कारण समोरचा काही सेकंद लिहीत असतो आणि आपल्याला वाटतं उत्तर पटलं नाही, म्हणून आपण अजून सांगायला लागतो. तो लिहितोय कारण बऱ्याच कंपन्यांमध्ये सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारून प्रत्येक उत्तराला त्या कागदावर मार्क द्यायचे असतात. खाली मान घालून लिहिणं म्हणजे नाराजी नव्हे.

फक्त ते सॉफ्टवेअर शिकल्याचं वाक्य खरं असू द्या. त्यासाठी महिना-दीड महिना लागला तर लागू दे, बऱ्याच सॉफ्टवेअरची ट्रायल फुकट मिळते, त्यात हात घाला, म्हणजे प्रश्न आला तर स्क्रीनवर काय कुठे असतं ते तुम्हाला सांगता येईल. आणि टीम लीड असतानाचे दोन प्रसंग परत आठवून बोलून ठेवा, चिडलेला ग्राहक, नवीन आलेला कर्मचारी. सात वर्षांत टूल्स बदलली असतील, चिडलेला माणूस तसाच आहे.

प्रश्न: आदल्या रात्री मला अजिबात झोप येत नाही. दोन-तीन वाजेपर्यंत उलटसुलट विचार येतात आणि सकाळी डोकं जड. काही उपाय?

उत्तर: एक रात्र कमी झोप झाली म्हणून इंटरव्ह्यू वाया जात नाही, हे आधी मनाला सांगा, कारण "झोप आलीच पाहिजे" या हट्टानेच झोप उडते. ती धडधड आणि थोडी उत्सुकता तासाभराच्या बोलण्यापुरतं जागं ठेवते तुम्हाला.

दुपारनंतर कॉफी बंद. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकराला निम्मी अंगात असते. कपडे, कागदपत्रं, सर्टिफिकेटच्या कॉप्या, पत्ता, कोणाला भेटायचंय त्यांचं नाव, हे सगळं संध्याकाळीच एका जागी ठेवा, ही छोटी छोटी कामंच रात्री डोक्यात घिरट्या घालतात. मग दहा मिनिटं वही घेऊन बसा आणि उद्या काय काय बिघडू शकतं याची जी भीती वाटतेय ती सगळी लिहून काढा, छान वगैरे लिहायचं नाही, जसं येईल तसं. जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांनी २०११ मध्ये परीक्षेच्या अगदी आधी विद्यार्थ्यांना असं दहा मिनिटं लिहायला लावलं होतं तर घाबरणाऱ्या मुलांचे मार्क सुधारले. तो प्रयोग परीक्षेचा होता आणि झोपेशी त्याचा संबंध नव्हता, पण भीती कागदावर उतरली की डोक्यातली जागा रिकामी होते ही गोष्ट इथेही कामाला येते असा माझा अनुभव आहे. आणि रात्री दहानंतर नवीन काहीही वाचायचं नाही, कृपा करून.

प्रश्न: माझा मित्र इंटरव्ह्यूच्या आधी धडधड कमी करायची एक गोळी घेतो, म्हणतो हात अजिबात थरथरत नाहीत. मलाही दे म्हटलं तर द्यायला तयार आहे. घेऊ का?

उत्तर: नाही, मित्राच्या हातून तर अजिबात नाही. वर्णनावरून ती प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी दिसतेय. हे औषध जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात हृदयरोगासाठी शोधलं, १९८८ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं, आणि ते अॅड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम अडवतं म्हणून स्टेजवर जाणारे काही कलाकारही डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घेतात. पण दमा असलेल्या माणसाला यामुळे श्वासाचा गंभीर त्रास होऊ शकतो, बीपी आधीच कमी असेल तर चक्कर येऊ शकते, आणि डायबेटिस असेल तर साखर खाली गेल्यावर जी धडधड इशारा देते तीच दाबली जाते. तुम्हाला यातलं काय आहे काय नाही हे मित्राला माहीत नसतं, कधी कधी आपल्यालाही नसतं.

तुमची भीती जर इतकी असेल की आलेले कॉल तुम्ही टाळताय, किंवा दारापर्यंत जाऊन परत फिरलायत, तर डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. अशा भीतीवर सीबीटी नावाची बोलून करायची उपचारपद्धती चांगली लागू पडते आणि औषध लागणार असेल तर ते तपासून देतील. यात लाजायचं काहीही नाही हे मी अगदी कळकळीने सांगतेय, चांगली हुशार मुलं वर्षानुवर्षं अर्जच करत नाहीत या भीतीपायी.

प्रश्न: ऑनलाइन इंटरव्ह्यूला वेगळं काय करायचं?

उत्तर: कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, उजेड चेहऱ्यावर समोरून, आणि बोलताना स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे बघण्यापेक्षा कॅमेऱ्याकडे बघा. स्वतःचा व्हिडिओ स्वतःला दिसणं बंद करून टाका, आपलंच तोंड बघत बोलण्याने टेन्शन वाढतं. त्याच लॅपटॉपवरून आदल्या दिवशी एकदा कुणाला तरी कॉल करून बघा. मुद्दे शेजारी कागदावर चार-पाच शब्दांत चालतील, पूर्ण उत्तरं नकोत, वाचतोय हे लगेच कळतं.

प्रश्न: माझ्या मुलाचा पहिला इंटरव्ह्यू आहे. तो खूप ताणात आहे, नीट बोलतही नाही. वडील म्हणून मी काय करू? काही विचारलं की चिडतो.

उत्तर: तुमचं पत्र वाचून बरं वाटलं दादा, कारण बरेच पालक विचारतच नाहीत, सरळ सूचना द्यायला लागतात. "झाली का तयारी" हा प्रश्न दिवसातून चार वेळा विचारला जात असेल तर तो आधी बंद करा, त्याचं उत्तर कोणाकडेच नसतं, नुसती धडकी भरते. शेजारच्याच्या मुलाला कुठे लागली वगैरे तर नाहीच नाही.

त्याऐवजी एकदाच, त्याला सोयीचं असेल तेव्हा म्हणा की तुला हवं असेल तर मी समोर बसतो, तू मला प्रश्नांची यादी दे, मी विचारतो. नाही म्हणाला तर सोडून द्या, मित्रासोबत करेल. हो म्हणाला तर खुर्ची टेबलाच्या पलीकडे टाकून खरोखरचं बसा, प्रश्न विचारा, आणि तो बोलत असताना मधे एक शब्दही बोलू नका, चुकला तरी. संपल्यावर आधी त्यालाच विचारा कुठे अडकल्यासारखं वाटलं, मग तुम्हाला जाणवलेली एकच गोष्ट सांगा, दहा सांगितल्या तर त्याला त्या दिवशी त्या दहाच आठवतील. मग तोच प्रश्न परत विचारा म्हणजे सुधारलेलं त्याला स्वतःला ऐकू येईल.

आणि तो घरी परत आला की "कसा झाला, मिळेल का" हे विचारू नका, ते त्याच्या हातात नाही. "काय काय विचारलं?" एवढं विचारा आणि आठवतील तेवढे प्रश्न त्याच दिवशी त्याला लिहून ठेवायला सांगा, दोन दिवसांनी निम्मे विसरायला होतात आणि पुढच्या इंटरव्ह्यूत त्यातले बरेच परत येतात.